ओळखीची गाणी



चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही 'गाणी' म्हटले तेव्हा पलीकडे जरा शांतताच झाली. वास्तविक संगीत हा आमचा प्रांत नव्हे. श्रुती म्हणजे काय हे आम्ही ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचले आहे. कानाला ती अजून सापडलेली नाही. तेव्हा रागदारीची चर्चा आमच्याकडून होणार नाही. परंतु गाणी ऐकून डोळे पुसणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली, आणि गाणी वाजवून पोट भरणारीही पाहिली. या दोघांची गाठ कशी पडते, किंबहुना कशी पडत नाही, एवढेच आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दाराशी कंत्राटी कामगारांचे धरणे चालू होते. पावसाचे दिवस, वर ताडपत्री, खाली ओल. मध्यरात्र उलटली की घोषणा थांबतात आणि माणसे गाऊ लागतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. त्या रात्री नवी गाणी तासाभरात आटोपली. मग बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोराने 'अलबेला' या १९५१ सालच्या चित्रपटातील अंगाई हळूच उचलली, आणि बघता बघता सगळी ताडपत्री त्याच्यामागून गाऊ लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या आईबापांचा जन्मसुद्धा तो चित्रपट लागल्यानंतरचा. आमचाही नंतरचाच, चांगला वीस वर्षांनी. गाणे संपल्यावर तो पोरगा सुस्कारा टाकून म्हणाला, "काय दिवस होते ना दादा ते!"

आता हे वाक्य मोठे विलक्षण आहे. ज्या दिवसांची त्याला आठवण येत होती ते दिवस त्याने पाहिलेलेच नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण यावी कशी? आम्ही त्याला विचारले, "तुला हे गाणे आले कुठून?" तो म्हणाला, "आजी धाकट्या भावाला झोपवताना म्हणायची."

म्हणजे गाण्याची ओळख आपोआप झालेली नव्हती. ती कोणीतरी करून दिली होती. लग्नात दोन पाहुण्यांची कोणी ओळख करून देतो आणि नंतर आपण पाहुण्यांना लक्षात ठेवतो, ओळख करून देणाऱ्याला विसरतो, तसेच इथेही होते.

या गोष्टीचा विद्वानांनीही माग काढला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या आसपासच्या ६२ विद्यार्थ्यांना त्यांनी १९५५ ते २००९ या काळातील गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि प्रत्येकाविषयी विचारले, हे ओळखीचे वाटते काय, आवडते काय, याच्याशी काही आठवण जोडलेली आहे काय. आपल्या वयातली गाणी जवळची वाटावीत यात नवल नाही. नवल पुढेच आहे. आलेख मागे नेत गेले तर १९८०च्या सुमारास, म्हणजे या मुलांचे आईबाप तरुण होते त्या काळाशी, पुन्हा एक उंचवटा दिसला. आणि १९६०च्या दशकाशी आणखी एक. त्या शेवटच्या उंचवट्याची दोन कारणे संभवतात. एक तर ती गाणीच सरस असतील, किंवा आजीआजोबांनी ती आईबापांच्या कानावर घातली असतील आणि आईबापांनी मुलांच्या. आम्हांला दुसरे कारण अधिक पटते, कारण ताडपत्रीखाली आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे.

शिवाय नुसते पुनःपुन्हा कानावर पडणे हीसुद्धा मोठी शक्ती आहे. रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर तिच्यात काही गुण नसतानाही माणसाला ती आवडू लागते. निवडणुकीतले उमेदवार हे त्याच्याही आधीपासून जाणून आहेत!

पण घरात गाणे ओळखीचे होते ते कोणाच्या तोंडून? बहुतेक वेळा बाईच्या. आणि बहुतेक वेळा काम करता करता. आपल्याकडे याची सर्वांत मोठी साक्ष म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा रायरकर आणि गी पॉयट्व्हँ या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि त्या रचणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. पहाटे तीन-चारला उठायचे, सगळ्या घराचे दळण दळायचे, आणि त्या घरघरीत माहेर, भाऊ, विठोबा, सासूचा जाच, बाबासाहेब, जे मनात असेल ते ओवीत घालायचे. पुढे गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्याला गेली.

आमच्या संघटनेतील एका सफाई कामगार भगिनीच्या घरी आम्ही अशा एका आजीबाईंना ऐकले आहे. नव्वदीच्या घरात होत्या. दोन-तीन ओव्या म्हणता म्हणता त्यांचा कंठ दाटून आला. सुनेला वाटले, सासूबाईंना जुना काळ आठवला. तिने सहज विचारले, "आत्या, जातं आणू का पुन्हा घरात?" त्याबरोबर म्हातारी एकदम ताठ बसली आणि म्हणाली, "बाई गं, त्या जात्यापायी हाताची कातडी गेली माझी. गाणं म्हंते म्या, जातं कुठं मागितलं?"

आमच्या आजच्या व्याख्यानात यापेक्षा शहाणे वाक्य नाही हे आताच सांगून ठेवतो. 'काय दिवस होते' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या म्हातारीपाशी जाऊन थोडी शिकवणी घ्यावी. तिला हवी होती ती जात्यासमोर बसलेली जोडीदारीण. जिच्याबरोबर खुंट्याला हात लावला ती. कदाचित हवे होते ते आपले तरुणपण. जाते तिला नको होते. गाणे या सगळ्यांची मोट बांधून पुढ्यात आणून टाकते, आणि ऐकणारा घाईघाईने सगळीच मोट 'चांगले दिवस' म्हणून घरात घेतो.

या हुरहुरीसाठी मराठीत अलीकडे 'स्मरणरंजन' असा शब्द रूढ आहे. शब्द सुबक आहे, पण आम्हांला तो तितकासा आवडत नाही. त्यात सगळे रंजनच आहे. युरोपात यासाठी जो शब्द वापरतात, 'नॉस्टॅल्जिया', त्याची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी हा शब्द घडवला. घरी परतणे आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी आहे. म्हणजे मुळात ते रोगाचे नाव! पुढे हा रोग सर्वांत जास्त कोणाला होतो म्हणाल, तर परमुलखात पगारावर लढायला गेलेल्या स्विस शिपायांना, असे मानले जाऊ लागले. गुरे हाकताना डोंगरात जे सूर आळवतात ते कानी पडले की हे शिपाई रडू लागत, पळून जात, म्हणून पलटणीत ते सूर वाजवायला बंदी होती, अशी हकिकत रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात नमूद केली आहे.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. पोटासाठी घर सोडून आलेला पगारी माणूस, गावाकडचे गाणे, आणि त्या गाण्याची धास्ती घेणारा मालक. ही तर आमच्या गिरणगावाची गोष्ट झाली!

मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, घाटावरून माणसे आली ती बहुधा एकेकटी. बायकामुले गावी, आपण इथे खाणावळीच्या भरवशावर. एका खोलीत वीस-वीस गडी, पाळीपाळीने झोपणारे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. सातारा-सांगलीकडच्या वाटेगावहून मुंबईस आलेले अण्णाभाऊ साठे याच जगात वावरले, गिरणीतही राबले. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही लावणी आपण सर्वांनी ऐकली आहे. गावी राहिलेल्या सखीच्या विरहाने ती सुरू होते आणि पाहता पाहता बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्या विरहाशी येऊन थांबते. एकट्या गिरणी कामगाराचे घरचे दुःख आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी अशा रीतीने एकाच चालीत बसवणे हे काम कोणा प्राध्यापकाला सुचले नसते. हुरहूर ही माणसाला मागे खेचते असे म्हणतात. इथे तिने माणसे मोर्चाला आणून उभी केली.

त्या गिरणगावात आमचे बालपण गेले. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. आज त्या जागी मनोरे आहेत, आणि जुन्या चाळकऱ्यांची मुले डोंबिवली-विरारकडे पांगली आहेत. ती कधी एकत्र जमली की गाणी लावतात आणि म्हणतात, तेव्हाची मजा काही और होती. आम्हीही म्हणतो, आम्ही काही निराळे नाही. पण गाणे चालू असतानाच कानात दुसरा एक आवाज येतो, तो खोकल्याचा. कापसाचा बारीक तंतू वर्षानुवर्षे छातीत गेलेल्या माणसांचा पहाटेचा खोकला ज्याने चाळीत ऐकला आहे, त्याला 'सोन्याचे दिवस' हा शब्द सहजी उच्चारवत नाही.

मग गाणे खोटे बोलते काय? नाही. एका चाळीत रेडिओ एक-दोघांकडे. परवान्याचे पैसे पोस्टात भरायचे, तेही झेपले पाहिजे. ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या दारात सगळा मजला. नाहीतर कोपऱ्यावरचा इराणी आहेच, एका चहावर दोन तास. तेच गाणे, त्याच क्षणी, चाळीस माणसे ऐकत आहेत! आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंडे असतात, आणि शेजारी बसलेला काय ऐकतो याचा पत्ता लागत नाही. जुन्या गाण्याबरोबर आपल्याला आठवतो तो हा चाळीस जणांचा मजला, असा आमचा तर्क आहे.

रेडिओचे नाव निघाले आहे तर एक मौजेची गोष्ट सांगतो. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. गृहस्थ मराठी, शास्त्रीय संगीताचे कट्टे अभिमानी. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये मोठी प्रक्षेपण यंत्रे उभारली होती, ती आयतीच होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि बुधवारी रात्री आठ वाजता निम्मा हिंदुस्थान कान लावून बसू लागला. अमीन सयानी यांचा आवाज घरच्या माणसाचा झाला. ते २०२४च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा हळहळणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांनी सिलोन स्टेशन जन्मात लावलेले नव्हते. अखेर सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' काढावी लागली. लोकांना काय आवडावे हे वरून ठरवू पाहणाऱ्यांनी हा इतिहास जवळ बाळगावा.

मात्र केसकरांच्या खात्याने सगळेच वाईट केले असे कोणी समजू नये. १९५५च्या रामनवमीला याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गाणी घरोघर गेली. ज्या घरी रेडिओ नव्हता तिथली माणसे शेजाऱ्याकडे जाऊन बसत, आणि पुष्कळ ठिकाणी रेडिओला हार घालीत. भक्ती रामाची, हार पेटीला!

आता या पेटीच्या आत शिरू. कारण ज्याने ओळख करून दिली तो माणूस शोधण्याची आम्हांला सवय आहे, आणि आतापर्यंत आपण फक्त घरातली माणसे पाहिली.

१९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतील हॅनोव्हरहून. त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी ही गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारते. तो डौल नव्हे, सोय होती: परदेशातल्या कारागिरांना चकतीवर कोणाचे नाव टाकायचे हे कळावे म्हणून. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडी कशाची? लाखेची. आणि लाख कोठली? छोटा नागपूरच्या रानातली. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसून आदिवासींनी खरवडून आणलेली. ७८ फेऱ्यांच्या त्या चकतीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. आपले गाणे तीन मिनिटांचे झाले ते कोण्या रसशास्त्राप्रमाणे नव्हे, लाखेच्या चकतीच्या मापाने. तासभर आळवण्याच्या ठुमरीला त्या मापात बसवणे हे गौहरजान यांचे खरे कसब.

आता त्या 'अलबेला'चे पाहू. पडद्यावर नाचणारे आणि चित्रपट काढणारे भगवानदादा हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ही नावे आपल्याला ठाऊक असतात. पण त्या गाण्यांना जो नाचरा ठेका आहे, मधूनच ट्रंपेट अशी काही मुसंडी मारते की बसलेला माणूस उठतो, ते कोठून आले? सी. रामचंद्र यांचे एक साहाय्यक होते 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो शावियेर वाझ. गाव आल्दोना, गोवा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. व्हायोलिन हातात, कागद वाचता येतो, आणि गावात नोकरी नाही! मग ही पोरे मुंबईस येत, धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या 'कुडां'त पथारी टाकीत, आणि हॉटेलांतून, मूकपटांच्या थिएटरांतून, पुढे चित्रपटांच्या स्टुडिओंतून वाजवीत. म्हणजे आमच्या गिरणी कामगारासारखीच कथा. गाळ्याच्या जागी कूड, साच्याच्या जागी व्हायोलिन.

संगीतकार चाल करी. पण पन्नास-साठ वाद्यांनी नेमके काय वाजवायचे हे कागदावर मांडणारा निराळा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे सेबास्टियन डिसूझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच थोर व्हायोलिनवादक आणि शिक्षक; लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाला त्यांचे नाव देऊन शिष्याने गुरूला मानवंदना दिली. गंमत पाहा, ते नाव देशातल्या पोराटोरांना पाठ आहे. आणि या नावाचा एक जिवंत माणूस होता, तो २०१२च्या जानेवारीत वारला, हे किती जणांना माहीत आहे? या सभागृहात हात वर करायला सांगत नाही. कोणाला संकोचात टाकायचे नाही.

या वादकांना मेहनताना मिळे तो पाळीच्या हिशेबाने. पाळी संपली, पैसे मिळाले, संबंध संपला. ते गाणे पुढे सत्तर वर्षे वाजो, विको. तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, चित्रपटाचे नाव. ज्याच्या क्लॅरिनेटच्या दोन सुरांवर आपण गाणे ओळखतो त्याचे नाव नाही. वाचकहो, नव्हे, श्रोतेहो (लिहिण्याची सवय आडवी आली!), आपण घरी जाऊन एक प्रयोग करा. आवडीचे कोणतेही जुने गाणे आठवा. शब्दांच्या आधी आपल्याला आठवेल तो सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा. म्हणजे 'ओळख' पटते ती वादकामुळे.

स्वामित्वधनाचा झगडा आधी गायकांनी केला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस लता मंगेशकर यांनी गायकाला विक्रीत वाटा हवा अशी भूमिका घेतली. महंमद रफी यांना ती पटली नाही, आणि दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफी उमद्या मनाचे गृहस्थ, पण या प्रश्नात आमचे मत लताबाईंच्या बाजूने आहे. काम एकदा, विक्री हजारदा, तर दामही हजारदा मोजला पाहिजे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या विरुद्ध, निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. पस्तीस वर्षे गेली. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातला आपला वाटा लिहून देता येणार नाही अशी तरतूद झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी यासाठी मोठी खटपट केली. त्याच कायद्यात सादरकर्त्या कलावंतालाही वाटा दिला. इथवर फार चांगले.

पण त्याच दुरुस्तीत एक छोटे कलम आहे, ते कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वगैरे कोठेही दिले जात नाही, तो, एका नैतिक हक्कापुरता सोडल्यास, 'सादरकर्ता' धरला जाणार नाही. हे कोणाकोणाला लागू पडते यावर वकील मंडळी भांडोत. आम्ही त्यातला तर्क तेवढा आपल्यापुढे ठेवतो. आधी रिवाज म्हणून नाव द्यायचे नाही. आणि मग नाव नाही म्हणून हक्क नाही! हजेरीपटावर नाव नसलेल्या बदली कामगाराला 'तू आमचा कामगारच नव्हेस' असे सांगतात, ती हीच भाषा.

इकडे ओळखीचा व्यापार तेजीत आहे. २०१७ साली 'सारेगामा' कंपनीने, म्हणजे पूर्वीच्या एच.एम.व्ही.ने, जुन्या ट्रान्झिस्टरच्या घाटाचे एक यंत्र काढले, आत पाच हजार जुनी गाणी भरून. मुलांनी ते आईवडिलांसाठी विकत घेतले आणि ते तुफान खपले. आमच्याही घरी आहे, आणि रोज लागते. त्याला नावे ठेवत नाही. एवढेच ध्यानात असावे की 'जुनी गाणी' म्हणून आपल्यापुढे येतात ती कोणाच्या तरी कोठारात शिल्लक राहिलेली, कोणी तरी निवडलेली. कलापथकांची कितीतरी गाणी तबकडीवर चढलीच नाहीत. ती ज्यांच्या ओठांवर होती त्यांच्याबरोबर गेली.

स्टुडिओतली मोठी वाद्यवृंदाची कामे तर १९९०च्या सुमारापासून आटतच गेली. साठ माणसांचे काम एक कळफलक करू लागला. पण जुनी गाणी माणसांनी, हातांनी, तोंडाने वाजवण्याचा एक धंदा अजून शिल्लक आहे, आणि तो आपल्या दारावरून जातो. वरातीचा बँड.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावचे बँडवाले आमच्या संघटनेकडे आले होते. बरेचसे पिढीजात वाजंत्री वाजवणाऱ्या मातंग समाजातले, म्हणजे अण्णाभाऊंच्याच भाऊबंदांतले, काही मुसलमान. तक्रारी साध्या. डीजेच्या भिंती आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या. तुळशीच्या लग्नापासून जेष्ठापर्यंत काय मिळेल ते, बाकी वर्षभर शेतमजुरी नाहीतर हमाली. ठरलेली वेळ सातची, नवरदेव निघतो दहाला. मधल्या तीन तासांचे पैसे नाहीत, आणि पंगतीत यांचे पान शेवटी. असंघटित कामगार म्हणून नोंदणीचे फॉर्म भरले, तर भरून देणाऱ्याने 'व्यवसाय' या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे 'मजूर' लिहून टाकले. त्यावर क्लॅरिनेटवाला चिडला होता. "मजुरी करतो, नाही कुठे म्हणतो," तो म्हणाला, "पण या रकान्यात माझं वाद्य लिहा की!"

त्यांच्यात साठी उलटलेले एक ट्रंपेटवाले होते. पुढचे दात पडले, फुंक धरवेना, म्हणून आता खुळखुळा वाजवीत चालतात, मजुरी निम्मी. आम्ही त्यांना विचारले, लोक काय वाजवायला सांगतात? म्हणाले, "जुनं वाजवा म्हणत्यात. पण जुनं दर दहा वर्षांनी बदलतंय. आता ज्यांची लग्नं हायेत त्यांचं जुनं म्हंजे पोरंसोरं असताना टीव्हीवर ऐकल्यालं. फक्त पाच-सहा गाणी अशी हायेत की ती कवा बी काढा, म्हातारा बी नाचतो अन् पोरगं बी." त्या पाच-सहांत 'अलबेला'तले एक निघाले. ते त्यांनी सिनेमात पाहिलेले नव्हते, रेडिओवरही ऐकल्याचे आठवत नव्हते. बापाच्या बोटांकडे बघून शिकले होते.

मास्तरांनी एक वही दाखवली. शाळेची, दुरेघी, पाने सुटलेली. सारेगमच्या अक्षरांत गाणी उतरवलेली. चित्रपटाचे नाव कोठेच नाही, संगीतकाराचेही नाही. प्रत्येक गाण्याच्या वर ज्याने ते बसवून घेतले त्याचे नाव होते. आडनावे नाहीत, नुसते अमका आबा, तमका चाचा. त्यांतले पुष्कळजण गेलेले.

त्या मंडळींच्या रकान्यांची दुरुस्ती आम्ही नंतर करून घेतली. दोन हेलपाटे पडले, पण झाली. त्यांच्या मधल्या तीन तासांचे काय करायचे हे मात्र कोणत्या कचेरीत जाऊन सुटणारे नाही, ते वधूवरपक्षांच्या हाती आहे. आणि या सभागृहात पुष्कळ वरपिते, वधूपिते बसले आहेत म्हणून आज हा विषय मुद्दाम इथे आणला. सध्या लग्नसराई आहे. येत्या तिथीला ज्यांच्या घरचे कार्य असेल त्यांनी बँडशी ठरवताना वाजवण्याची वेळ आणि थांबण्याची वेळ असे दोन निरनिराळे दर ठरवावेत, पैसे मालकाबरोबर निम्मे-शिम्मे न ठेवता वरात उतरल्यावर त्याच रात्री पुरते द्यावेत, आणि जमल्यास पहिल्या पंगतीत पाने मांडावीत. नमुन्याचा कागद आमच्या संघटनेने छापला आहे. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशी तो फुकट मिळेल.